तो कुणाला मारत नाही, मग अ‍ॅडमिट कसं करणार?

"तो कुणाला मारत नाही ना, मग त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध अ‍ॅडमिट करता येत नाही." मानसिक आजारी माणसाबद्दलचं हे वाक्य मी पोलीस स्टेशनला ऐकलं, एका वकिलाकडं ऐकलं, गावातल्या जाणत्या माणसांकडून ऐकलं, आणि जास्त वाईट याचं वाटतं की एका दवाखान्याच्या काउंटरवरपण ऐकलं. हे वाक्य चूक आहे. कायद्यात असं लिहिलेलंच नाही. मी आज हे लिहायलेय ते एवढ्याचसाठी, कारण आपल्याकडं अशी किती घरं असतील जिथं माणूस डोळ्यादेखत वाळत चाललाय आणि घरचे नुसते वाट बघायलेत, की कधी एकदा तो कुणावर हात उचलेल म्हणजे त्याला नेता येईल. अशी वाट बघायची पाळी कुणावर येऊ नये.

लिहायच्या आधी दादाला विचारलंय. त्यानं सगळं वाचलं, गावाचं नाव काढ म्हणला, दवाखान्याचं काढ म्हणला, बाकी राहू दे. म्हणून परभणी जिल्हा एवढंच सांगते.

दादा माझा मोठा भाऊ. डीएड केलेला, एका विनाअनुदानित शाळेत शिकवायचा, आज ना उद्या पगार सुरू होईल या आशेवर बरीच वर्षं काढली त्यानं. पोरांचा लाडका सर होता. त्याचं सुरू झालं ते पाण्यापासून. आमच्या बोरच्या पाण्यात कुणीतरी काहीतरी टाकतंय असं म्हणायला लागला. आधी आम्हालापण वाटलं असेल बाबा, शेजाऱ्याशी बांधाचं भांडण होतंच, अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पाणी तपासून आणलं, रिपोर्ट चांगला आला तर दादा म्हणला लॅबवाला पण त्यांचाच आहे. मग घरचं जेवण बंद. मग घरच बंद, तो आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, राहायला गेला. तिथं रात्र रात्र जागा, कुणाशी तरी बोलत असायचा, आपण गेलो की गप्प. पॅकबंद बिस्किटावर होता, नंतर तेपण नको झालं कारण पुड्याला सुईचं भोक असतं म्हणे. धिप्पाड माणूस, पण बरगड्या मोजता यायला लागल्या. अनवाणी फिरून फिरून पायात तुरीचं धसकट घुसलं आणि तो पाय पिकला, वास यायला लागला, पण हात लावू देईना.

आणि या सगळ्यात त्यानं कुणाला एक शिवी दिली नाही. हाच त्याचा गुन्हा झाला म्हणा ना. शांत आहे, मारत नाही, राहू द्या आखाड्यावर, काय त्रास आहे तुम्हाला.

गावात जे चालतं ते सगळं आमच्याकडंपण झालं. बाहेरचं हाय, करणी हाय, गुरुवारी अंगारा, अमावास्येला नारळ. मायला मी काही बोलले नाही, आजपण बोलत नाही, ती तिच्या लेकरासाठी जे सुचंल ते करत होती. दुसरे म्हणले लग्न करून टाका, बायको आली की येतंय ताळ्यावर. हे मात्र मी होऊ दिलं नाही. एका अनोळखी पोरीचं आयुष्य औषध म्हणून वापरायचं का?

दादाला स्वतःला आपण आजारी आहोत असं वाटत नव्हतं. हे लोकांना कळतच नाही. त्यांना वाटतं तो हट्ट करतो, समजावून सांगा, चार माणसात बसवून सांगा. दादाच्या या आजारात, स्किझोफ्रेनियात, बऱ्याच जणांना आजाराची जाणीवच होत नाही, तो आजाराचाच भाग आहे, डॉक्टरांनी आम्हाला हे नंतर सांगितलं. त्याच्या दृष्टीनं पाण्यात खरंच विष होतं आणि आम्ही एकतर येडे होतो नाहीतर सामील होतो. आता अशा माणसाला "दवाखान्यात चल" म्हणून तो कसा येईल, तुम्ही आला असता का?

आता कायद्याचं सांगते. जरा कंटाळवाणं आहे, पण नीट वाचा, कारण आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

जुना कायदा १९८७ चा होता, त्यात मॅजिस्ट्रेटकडून रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे दवाखान्यात ठेवून घ्यायचा आदेश, घ्यायची पद्धत होती, म्हणून जुनी माणसं, अगदी वकीलसुद्धा, अजून "कोर्टाची ऑर्डर आणा" म्हणतात. आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१८ पासून लागू झालेला. त्याच्या कलम ८९ मधे पेशंटच्या संमतीशिवाय अ‍ॅडमिट करायची तरतूद आहे आणि त्याला कोर्टात जावं लागत नाही. पेशंटच्या वतीनं त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो. पेशंटनं आधी कुणाला नेमलेलं नसेल तर जवळचं नातेवाईक प्रतिनिधी होऊ शकतं. आमच्यात मायनं सही केली. दोन जणांनी पेशंटला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच पाहिजे, दुसरा मानसिक आरोग्यातला तज्ज्ञ किंवा साधा एमबीबीएस डॉक्टर चालतो, आणि ही तपासणी दाखल करायच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांतली पाहिजे. दोघांनाही वाटलं पाहिजे की आजार तेवढा गंभीर आहे, माणूस स्वतःच्या उपचाराचा निर्णय घ्यायच्या अवस्थेत नाही आणि यापेक्षा सौम्य उपाय शिल्लक नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. "गंभीर" कशाला म्हणायचं ते कायद्यानं सांगितलंय. स्वतःला इजा केली, करायचा प्रयत्न केला, धमकी दिली, हे एक. दुसऱ्यावर हिंसा केली किंवा दुसऱ्याला भीती वाटेल असं वागला, हे दुसरं. आणि तिसरं, जे कुणीच सांगत नाही, ते म्हणजे स्वतःची काळजी घेणं इतकं सुटलंय की त्यातनं त्याला स्वतःला इजा व्हायचा धोका आहे. या तिन्हीतलं कुठलंही एक पुरतं. तीन्ही लागत नाहीत. न खाणारा, न झोपणारा, पिकलेला पाय घेऊन शेतात फिरणारा माझा भाऊ या तिसऱ्यात सरळ सरळ बसत होता, आणि आम्हाला जो तो पहिल्या दोनबद्दल विचारत होता. मारतो का? नाही. मरायच्या गोष्टी करतो का? नाही. मग जा घरी.

तिसरा मुद्दा मला कळाला तो जिल्हा रुग्णालयात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम असतो, त्याची टीम असते, त्यातल्या सोशल वर्कर मॅडमनी पहिल्यांदा आम्हाला खुर्ची देऊन बसवून ऐकून घेतलं. त्यांनी तीन कामाच्या गोष्टी सांगितल्या. एक, आजपासून वहीत तारखेनं लिहून ठेवा, काय खाल्लं, किती झोपला, पाय कसा आहे, पायाचे फोटो काढा, कारण डॉक्टरपुढं माणूस पंधरा मिनिटं एकदम व्यवस्थित बोलू शकतो आणि मग घरचेच खोटे पडतात. दुसरं, पाण्यात विष आहे की नाही यावर त्याच्याशी वाद घालू नका, हो पण म्हणू नका, नाही पण म्हणू नका. तिसरं, त्याला स्वतःला कशाचा त्रास होतोय ते शोधा. विषाचा विषय सोडा, झोप येत नाही हे तो मान्य करतो का बघा, पाय दुखतो हे मान्य करतो का बघा, त्याच्यासाठी चल म्हणा. खोटं सांगून नेऊ नका, लग्नाला चाललोय म्हणून दवाखान्यात उतरवलं तर पुढं दहा वर्षं तो तुमच्या गाडीत बसणार नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी अडचण इथंच आहे. कायद्याचा सगळा रस्ता दवाखान्याच्या दारापासून सुरू होतो, आणि आपला माणूस आखाड्यावर असतो. ते मधलं अंतर कुणाचं? दवाखानावाले म्हणतात घेऊन या. पोलीस म्हणतात आम्हाला अधिकार नाही. पोलिसांचं निम्मं खरं आहे, कलम १०० मधे त्यांच्यावर जबाबदारी आहे ती रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या माणसाची, किंवा आजारामुळं ज्याच्यापासून त्याला स्वतःला नाहीतर दुसऱ्याला धोका आहे त्याची, आणि ताब्यात घेतल्यावर २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. घरातल्या आजारी माणसाचे हाल होतायत, दुर्लक्ष होतंय, अशी माहिती दिली तर ती मॅजिस्ट्रेटपुढं जाते, आणि मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी १० दिवसांपर्यंत दाखल करायचा आदेश देऊ शकतात, कलम १०२. तो रस्तापण आहे, पण आम्हाला लागला नाही.

मधल्या काळात एका व्यसनमुक्तीवाल्याचा फोन आला, कुणाकडनं नंबर मिळाला देव जाणे, की आमची चार पोरं येतात, गाडी आमची, पेशंट उचलून नेतो, महिन्याचे एवढे एवढे. अण्णा तयार व्हायला लागले होते, थकले होते ते. मी नोंदणीचा कागद मागितला तर फोन ठेवून दिला. मानसिक रुग्ण ठेवायची कुठलीही जागा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदलेली असावी लागते, तो कागद मागा म्हणजे मागाच, आणि नाही दाखवला तर आपलं माणूस त्यांच्या हातात देऊ नका.

दादाचा विश्वास एकाच माणसावर राहिला होता, आमच्या मामेभावावर. का ते माहीत नाही, लहानपणी दोघं एकाच खोलीत राहून शिकले म्हणून असेल. तो रोज आखाड्यावर जाऊन बसायचा, काही विचारायचा नाही. शेवटी दादाच म्हणला पाय लई ठणकायलाय. मामेभाऊ म्हणला चल मग, ड्रेसिंग करून येऊ, आणि झोपेचंबी विचारू डॉक्टरला. दादा आला. ग्रामीण रुग्णालयात पायाला ड्रेसिंग झालं, तिथल्या डॉक्टरांनी त्याच्याशी निवांत बोलून घेतलं, आमची वही बघितली. आणि पुढं मेडिकल कॉलेजला जायचं म्हणल्यावर दादा उठून दाराकडं निघाला, तुम्ही पण मिळालेले आहात म्हणला.

तिथं त्या डॉक्टरांनी जे केलं त्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. कलम ९४ आहे, इमर्जन्सीचं, कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी, जीवाला धोका असेल तर प्रतिनिधीची संमती घेऊन उपचार करू शकतो आणि जवळच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात पोचवण्याची सोय त्यातच येते, ७२ तासांच्या मर्यादेत. बरेच डॉक्टर हे करायला घाबरतात, नंतर लफडं नको म्हणून. यांनी मायला सगळं समजावून सांगितलं, सही घेतली, स्वतःच्या हातानं कागदावर कारण लिहिलं आणि हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिनचं, म्हणजे माणसाला शांत करणारं, इंजेक्शन द्यायला सांगितलं.

इंजेक्शन देताना दादाला धरावं लागलं. मामेभाऊ आणि एक वॉर्डबॉय. तो ओरडला नाही, फक्त माझ्याकडं बघून म्हणला, तू पण का. हे मी लपवणार नाही कारण जे या वाटेनं जाणार आहेत त्यांना आधी माहीत असलं पाहिजे, कितीही कायदेशीर असलं, कितीही गरजेचं असलं तरी आपल्या माणसाला असं धरलेलं बघणं फार वाईट असतं आणि ते विसरता येत नाही. पण मी परत तेच करीन. त्याचं वजन आणि पायाचा रंग बघून डॉक्टर म्हणले अजून थोडे दिवस गेले असते तर पाय तरी गेला असता नाहीतर हा.

१०८ मधनं मेडिकल कॉलेजला नेलं, दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं, मायनं अर्जावर सही केली. पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवसच ठेवता येतं, आणि दवाखान्यानं ७ दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं असतं, पेशंट बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. पेशंटला स्वतःला त्या मंडळाकडं तक्रार करायचा हक्क आहे. दादाला हे सांगितल्यावर त्यानं लगेच कागद मागितला, बहिणीनं जेलात घातलं म्हणून लिहितो म्हणला. सिस्टरनी त्याला खरंच कागद दिला.

गावात तेंव्हा वेगळंच चाललं होतं. चुलत्यांनी पारावर बोलून दाखवलं, पोरीला सातबारा दिसायलाय, भावाला येडा ठरवून जमीन घ्यायची हाय तिला. ऐकून मी रात्रभर रडले. पण नंतर विचार केला तर वाटलं की असं खरंच करणारे लोक आहेत की. जमिनीसाठी, नको असलेल्या बायकोला काढण्यासाठी माणसं मनोरुग्णालयात टाकून दिल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. २००१ मधे तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तिथं मानसिक रुग्ण साखळीनं बांधून ठेवलेले होते, २८ जण गेले, बांधलेल्यांना पळता आलं नाही. त्यांनापण घरच्यांनीच नेऊन सोडलं होतं ना, बरं व्हावं म्हणूनच नेलं असेल बहुतेकांनी. आता साखळीनं बांधायला कायद्यानंच बंदी आहे, कलम ९५. आपल्याकडच्या गोठ्यात, आखाड्यावर अजून कुणी बांधलेलं असेल तर त्याचं कारण घरच्यांचा दुष्टपणाच असतो असं नाही, बऱ्याचदा त्यांना दुसरा रस्ताच माहीत नसतो. म्हणून दोन डॉक्टर, ३० दिवस, मंडळ, तक्रारीचा कागद हे सगळं पाहिजेच. माझ्यावर शंका घेणारा कायदा मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की खऱ्या माणसाला त्या दारापर्यंत तरी पोचता आलं पाहिजे.

आणि मराठवाड्यात ते दार लांब आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आजवर चार, पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आपल्या आठ जिल्ह्यांत एकपण नाही. जालन्याला मंजूर झालं, चांगली गोष्ट आहे, पण परभणी, हिंगोलीच्या माणसाला आजवर पेशंट घेऊन जायचं तर संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथली सरकारी मेडिकल कॉलेजं, तिथं मानसोपचार विभाग आहेत. एक नातेवाईक सोबत राहावं लागतं, मग रोजगार बुडतो, सोयाबीनच्या काढणीत कोण राहणार सांगा. टेलिमानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, अडलेल्या घरच्यांनीसुद्धा फोन केला तर चालतो.

दादाचं सांगायचं तर पहिला आठवडा तो आमच्याशी बोललाच नाही. मायनं आणलेलं जेवण भिंतीकडं सरकवून द्यायचा. औषधं सुरू झाल्यावर आधी झोप आली, मग भूक. मग एक दिवस त्यानं वॉर्डातल्या नळाला ग्लास लावून पाणी पिलं आणि माय तिथंच पदर डोळ्याला लावून बसली. ३० दिवस भरायच्या आत डॉक्टरांनी त्याला बसवून सांगितलं, आता तुमचा निर्णय तुम्ही घेऊ शकता, जायचं तर जा, थांबायचं तर स्वतःच्या सहीनं थांबा. पायाची जखम भरायची होती म्हणून तो थांबला. स्वतःची सही करताना त्यानं दोनदा वाचून मगच केली, सर आहे ना शेवटी.

आता तो घरी आहे. गोळ्या महिन्याच्या महिन्याला सरकारी दवाखान्यातनं मिळतात. वजन वाढलंय, हात थोडा थरथरतो, सकाळी लवकर उठवत नाही, गोळ्यांचा हा त्रास खरा आहे आणि त्यावर तो डॉक्टरांशी भांडतो, भांडावंच. मध्ये एकदा गोळ्या सोडल्या होत्या तर पंधरवड्यात झोप गेली, पण यावेळी स्वतःच म्हणला, चला. माझ्याशी नातं अजून पूर्ण जुळलेलं नाही. "तू पण का" चं उत्तर मी त्याला दिलंय, त्याला ते पटलंय की नाही ते त्यानं सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात त्यानं एक काम केलं. कायद्यात अशी सोय आहे की माणूस बरा असताना पुढच्या आजारपणासाठी आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो, साध्या कागदावर, सहीनं किंवा अंगठ्यानं, आणि आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत हेपण आधीच लिहून ठेवू शकतो, त्याला आगाऊ निर्देश म्हणतात, त्यावर साक्षीदार लागतात आणि मंडळाकडं नोंद करतात. दादानं दोन्ही लिहिलं. प्रतिनिधी म्हणून माझं नाव नाही, मायचं नाही, मामेभावाचं आहे. खाली लिहिलंय, मला गावातून दिवसा नेऊ नये. माझ्याशी खोटं बोलू नये. मला धरून इंजेक्शन देऊ नये.

डॉक्टरांनी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं की इमर्जन्सीत हा निर्देश लागू होत नाही, शेवटचं वाक्य तेंव्हा पाळलं जाईलच असं नाही. दादानं ते वाक्य खोडलं नाही. म्हणला राहू द्या, जो कुणी धरील त्यानं आधी हे वाचलेलं असावं.